उचलून आणलेली घरे : ससेक्समधील तीन दिवस

पहिला दिवस

इंग्लंडच्या दक्षिणेकडील वेस्ट ससेक्स परगण्यात सिंगलटन नावाचे एक लहान गाव आहे. या गावाला लागून असलेल्या टेकडीच्या उतारावर ‘वील्ड अँड डाउनलँड लिव्हिंग म्युझियम’ हे खुले संग्रहालय वसवलेले आहे. आग्नेय इंग्लंडमधील शेतकऱ्यांची, मजुरांची आणि कारागिरांची घरे, धान्याची कोठारे, गोठे, गिरण्या अशा ज्या जुन्या इमारती मूळ जागी पाडल्या जाणार होत्या, त्यांचे भाग सुटे करून इथे आणले गेले आणि त्या पुन्हा उभारल्या गेल्या. सुमारे ४० एकर जागेत आज अशा पन्नासहून अधिक इमारती आहेत. बहुतेक प्रवासी हे ठिकाण अर्ध्या दिवसात उरकतात, परंतु मला जुन्या लाकडी बांधकामाची मनापासून ओढ असल्यामुळे मी मुक्काम चिचेस्टरला ठेवला आणि दिवसभराचा वेळ रोज इथेच द्यायचा असे ठरवले.

लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकावरून रेल्वेने चिचेस्टरला यायला दीड तासाच्या आसपास वेळ लागतो. तिथून उत्तरेकडे मिडहर्स्टला जाणारी बस सिंगलटनला थांबते. रस्ता लॅव्हंट नदीच्या दरीतून जातो आणि दोन्ही बाजूंना साउथ डाउन्सच्या गोलसर, गवताळ टेकड्या लागतात. सप्टेंबरचा शेवट असल्याने कापणी झालेली शेते पिवळसर दिसत होती आणि नांगरलेल्या जमिनीत खडूसारख्या चुनखडीचे पांढरे खडे उघडे पडलेले होते.

हे पांढरे खडे पाहूनच संग्रहालयाच्या नावातील दोन प्रदेशांची ओळख पटते. डाउन्स म्हणजे चुनखडीच्या टेकड्या. इथे इमारती लाकूड कमी, पण चुनखडीच्या थरांत सापडणारी फ्लिंट नावाची गारगोटी विपुल, म्हणून इथल्या भिंती फ्लिंटच्या. या टेकड्यांच्या उत्तरेला वील्ड हा चिकणमातीचा सखल प्रदेश आहे. तिथे ओकची दाट जंगले होती, म्हणून तिथली घरे ओकच्या चौकटीची. पायाखालची जमीन बदलली की घराची जात बदलते, हे जुन्या बांधकामाचे पहिले सूत्र इथे काही पावलांच्या अंतरावर दोन घरे ठेवून दाखवता येते. मूळ जागी ते पाहायचे तर दोन दिवस भटकावे लागेल.

संग्रहालयाची कल्पना रॉय आर्मस्ट्राँग या अभ्यासकाची. दुसऱ्या महायुद्धानंतर क्रॉली येथे नवे शहर वसवले जात असताना मध्ययुगीन लाकडी घरे एकामागून एक पाडली जात असलेली त्यांनी पाहिली. खुल्या संग्रहालयाचा नमुना युरोपात तोवर जुना झालेला होता. स्टॉकहोमचे स्कान्सेन आर्तुर हाझेलियस यांनी १८९१ मध्येच उघडले होते. आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये कामाला औपचारिक प्रारंभ केला, वेस्ट डीन येथील जमीनदारीतली ही जागा त्यांना मिळाली आणि १९७० मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुले झाले.

पहिल्या दिवशी मी मुद्दाम सर्वांत जुन्या काळापासून सुरुवात केली. हँगलटनचे झोपडीवजा घर तेराव्या शतकातील आहे. हँगलटन हे समुद्रकिनाऱ्याजवळचे, मध्ययुगात ओस पडलेले गाव. तिथल्या उत्खननात घरांच्या भिंतींचे फक्त तळाचे अवशेष मिळाले होते. त्यांच्या आधारे हे घर रचलेले आहे, म्हणजे ते उचलून आणलेले नाही, अनुमानाने उभारलेले आहे, आणि तिथला माहितीफलक ही गोष्ट स्पष्टपणे सांगतो. फ्लिंटच्या ठेंगण्या भिंती, त्यांवर गवताने शाकारलेले उतरते छप्पर, आत दोनच खोल्या आणि एका कोपऱ्यात भट्टी. दारातून वाकून आत गेल्यावर डोळे सरावायला बराच वेळ लागला. ज्यांनी इंग्लंडची शेती पोसली त्यांच्यातील बहुसंख्य माणसे अशाच घरांत राहिली आणि नेमकी तीच घरे काळाच्या ओघात नाहीशी झाली. हा विचार पुढचे दोन दिवस माझ्या मनात घोळत राहिला.

दुपारनंतर हँपशरमधील बोरहंट येथून आणलेले चौदाव्या शतकातील घर पाहिले. त्याच्या मधल्या दालनात नैसर्गिकरीत्या वाकलेल्या झाडाचे दोन मोठे सोट समोरासमोर उभे करून माथ्याशी जोडलेले आहेत आणि छपराचा भार त्यांच्यावर पेललेला आहे. अशा वाकड्या सोटांची जोडी मिळवण्यासाठी सुतार जंगलात उभे झाड पाहूनच निवड करीत असत. बाकीच्या इमारती त्या दिवशी मी नुसत्या बाहेरून पाहिल्या आणि शेवटच्या बसने परतलो.

दुसरा दिवस

दुसरा दिवस मी जवळजवळ पूर्णपणे बेलीफ या एकाच शेतघराला दिला. केंट परगण्यातील चिडिंगस्टोनजवळचे हे घर बाऊ बीच जलाशयाच्या क्षेत्रात येत होते. पाणीपुरवठा कंपनीने ते संग्रहालयाला दिले, १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते सुटे केले गेले आणि पुढे या उतारावर उभे राहिले. धरणासाठी गाव उठण्याची गोष्ट आपल्याकडे कोयनेपासून उजनीपर्यंत घरोघरी ठाऊक आहे. तिथे देवळे हलवली गेली, क्वचित शिलालेख हलवले गेले, पण एखाद्या शेतकऱ्याचे राहते घर तुळईसकट हलवावे असे फारसे कोणाच्या मनात आले नाही. बेलीफच्या अंगणात उभे असताना ही उणीव मला तीव्रतेने जाणवली.

घराचा नकाशा समजून घेतला म्हणजे त्या काळचे कुटुंब समजते. मधोमध दोन खणांचे दालन आहे आणि ते जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळे आहे. दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असून त्यांचे वरचे मजले दर्शनी बाजूस भिंतीच्या पुढे आलेले आहेत. या सर्वांवर एकच सलग छप्पर असल्यामुळे मधला भाग आत दबल्यासारखा दिसतो. या धाटणीच्या घराला वील्डन घर म्हणतात. समोरासमोरच्या दोन दारांमधून एक बोळ घराच्या आरपार जातो. बोळाच्या एका बाजूला पेये ठेवण्याची आणि भाकरी-धान्य ठेवण्याची अशा दोन कोठ्या, तर दुसऱ्या बाजूला दालन आहे. दालनाच्या दूरच्या टोकाला घरधन्याचे मेज असून त्याच्या बाजूला उंच खिडकी आहे. दार आणि वारा चाकरमाणसांच्या वाट्याला, उजेड आणि ऊब मालकाच्या वाट्याला, अशी ही मांडणी लाकडातच कोरलेली आहे.

खिडक्यांना काच नाही. ओकच्या उभ्या दांड्या आणि आतून लावायची लाकडी झडप, एवढेच. त्या दिवशी सकाळपासून पावसाची भुरभुर चालू होती. वाऱ्याच्या दिशेची झडप लावली तर अंधार होतो आणि उघडी ठेवली तर गारठा आत येतो, हा पेच पुस्तकात वाचून कळतो तसा नव्हे, अंगावर काटा येऊन कळला. दालनाच्या मध्यभागी जमिनीवरच चूल आहे आणि त्या दिवशी तिच्यात लाकडे जळत होती. या घराला धुराडे नाही. धूर वर चढतो, आढ्याखाली साचतो आणि कौलांच्या फटींतून हळूहळू बाहेर पडतो. उभ्या माणसाचे डोळे चुरचुरतात, बाकावर बसलेल्याला त्रास कमी होतो. वर मान करून पाहिले तर वासे कोळशासारखे काळे दिसतात. हा काळा थर अभ्यासकांच्या दृष्टीने मोठा पुरावा असतो, कारण एखाद्या घरात पुढे मजला घातला, भिंती उभारल्या, धुराडे बांधले, तरी छपरातील वासे काजळलेले आढळले की तिथे एके काळी उघडे दालन आणि उघडी चूल होती हे ठरवता येते.

घराचे दोन भाग वेगवेगळ्या काळातले आहेत. लाकडातील वार्षिक कड्या मोजून काढलेल्या काळानुसार दालन आणि कोठ्यांकडील बाजू पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धातील, तर मालकाच्या खोल्यांची बाजू १५०५ ते १५१० या दरम्यानची आहे. संग्रहालयाने घर १५४० च्या सुमारास जसे असेल तसे मांडले आहे. आतले सामान मूळचे नाही, त्या काळातील टिकून राहिलेल्या वस्तूंवरून आणि कागदपत्रांवरून नव्याने घडवलेले आहे. त्यामुळे खुर्चीवर बसता येते, पेटी उघडून पाहता येते, मेजावर हात ठेवता येतो. नंतरच्या शतकांत घरात झालेले बदल मात्र पुनर्बांधणीत गाळलेले आहेत. या निर्णयाविषयी माझ्या मनात आदर आहे आणि थोडी हळहळही आहे. उघडे दालन दाखवायचे तर नंतरची भर काढणे भाग आहे, परंतु ती भर घालणारी माणसेही याच घरात जगली, आणि एकाच शतकाला घराचा खरा चेहरा मानणे हा शेवटी आजच्या माणसाचा कौल असतो. वॉल्डर्टनच्या घरात याच प्रश्नाचे दुसरे उत्तर पाहायला मिळते. बाहेरून ते फ्लिंट आणि विटांचे सतराव्या शतकातील घर आहे आणि आत मध्ययुगीन लाकडी चौकट अजून उभी आहे. दोन्ही काळ एकाच छपराखाली नांदताना दिसतात आणि मला ती मांडणी अधिक मोकळी वाटली.

जेवणाच्या सुट्टीनंतर मी चौकटीच्या जोडकामाकडे वळलो. ओक वाळला की पोलादासारखा कठीण होतो, म्हणून सुतार तो ओला असतानाच घडवीत. एका लाकडाला कुसू, दुसऱ्याला खाच, आणि दोन्हींतून आरपार ठोकलेली ओकचीच खुंटी, असा हा सांधा असतो. खुंटीचे भोक दोन्ही लाकडांत नेमके एका रेषेत पाडत नाहीत. कुसवातले भोक जाणूनबुजून किंचित मागे घेतात, त्यामुळे खुंटी ठोकली की ती सांधा आवळून घेते, आणि लाकूड वाळत जाते तशी पकड आणखी घट्ट होते. या सांध्यांना लोखंडी खिळा लागत नाही. बोळाजवळच्या एका खांबावर मला अशा खुंट्यांची टोके बोटभर बाहेर राहिलेली दिसली. ती कापून सपाट करण्याची कोणाला गरज वाटली नव्हती. त्याच खांबाचा बुंधा कुजलेला असल्यामुळे तेवढा भाग कापून तिथे नवा ओक तिरक्या सांध्याने बसवलेला होता. जुने लाकूड राखाडी आणि भेगाळलेले, नवे लाकूड कडा धारदार असलेले. डागडुजी लपवायची नाही आणि मिरवायचीही नाही, जुना भाग शक्य तेवढा राखायचा, हे संग्रहालयाचे धोरण त्या एका खांबावर वाचता येत होते.

सांध्यांच्या शेजारी कोरलेले रोमन अंक हा या घरांतील सर्वांत बोलका भाग आहे. भिंतीची संपूर्ण चौकट सुतार आधी आपल्या कामाच्या जागी जमिनीवर आडवी मांडून जुळवीत, प्रत्येक सांध्याच्या दोन्ही लाकडांवर एकच अंक कोरीत, मग सगळे सुटे करून गाडीत घालून जागेवर नेत आणि अंकाला अंक लावून घर उभे करीत. म्हणजे सुटे होणे आणि पुन्हा जुळणे हे या घरांच्या जन्मातच होते. संग्रहालयाच्या सुतारांनी पाचशे वर्षांनंतर तीच क्रिया उलट दिशेने केली, इतकेच. वीट-दगडाचे घर हलवताना त्याचा बराचसा भाग नव्याने रचावा लागतो, पण लाकडी चौकट मात्र तीच राहते, आणि इथे लाकडी घरांना एवढे स्थान का मिळाले याचे मुख्य कारण हे आहे.

बेलीफच्या परसात भाजीचे वाफे आहेत. कोबी, कांदे, लसूण, पावटे आणि औषधी वनस्पती त्या काळच्या पद्धतीने लावलेल्या आहेत. पलीकडे काउफोल्ड येथून आणलेले सोळाव्या शतकातील धान्याचे कोठार आहे. मधल्या खणात मळणीची जमीन आणि तिच्या दोन्ही अंगांना समोरासमोर उंच दारे आहेत. भरलेली गाडी एका दारातून आत यावी आणि दोन्ही दारे उघडली की उपणणीसाठी वारा आरपार खेळावा, अशी ही योजना आहे. खळे छपराखाली घेण्याची गरज इंग्लंडच्या पावसामुळे पडली, हे त्या ओल्या दुपारी वेगळे सांगायची आवश्यकता नव्हती.

संध्याकाळी विंकहर्स्टच्या स्वयंपाकघरात गेलो. ही छोटी इमारतही बाऊ बीचच्या त्याच परिसरातून वाचवलेली आहे. संग्रहालयात सर्वप्रथम हीच उभी राहिली आणि पुढे आवारातच तिची जागा पुन्हा बदलण्यात आली. ट्यूडर काळातील, म्हणजे ढोबळमानाने सोळाव्या शतकातील, पोशाख केलेल्या दोन स्वयंसेविका तिथे विस्तवावर धान्य आणि भाज्यांचा दाटसर रस्सा शिजवीत होत्या. त्यांतील वयाने मोठ्या बाईंनी मला सांगितले की, पाहुणे नेहमी पदार्थाची चव विचारतात, पण त्यांना स्वतःला अधिक महत्त्वाचे वाटते ते सरपणाचे गणित, कारण कोणते लाकूड किती वेळ जळते हे ज्याला कळते त्यालाच या चुलीवर रांधता येते. त्यांच्या हातांवरची काजळी पाहता त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

तिसरा दिवस

बेलीफमधल्या धुराचा पुढचा प्रवास तिसऱ्या दिवशी सकाळीच दोन घरांत सलग पाहिला. वॉशिंग्टन नावाच्या ससेक्समधील गावाबाहेरच्या माळरानाच्या कडेला असलेली पॉप्लर कॉटेज सतराव्या शतकातील आहे. तिच्यात घराच्या एका टोकाचा अरुंद खण खालपासून छपरापर्यंत धुरासाठी राखून ठेवलेला आहे. चूल त्या खणात असल्यामुळे धूर तिथेच वर जातो आणि बाकीच्या घरावर पहिल्यांदाच मजला घालता येतो. मिडहर्स्टजवळचे पेंडीन हे १६०९ चे शेतघर याच्याही पुढे गेले आहे. त्याच्या मध्यभागी विटांचे धुराडे आहे, त्याच्या अंगाला शेकोट्या आहेत आणि घर खाली-वर पूर्ण दुमजली झाले आहे. बांधायच्या वर्षांचा क्रम पाहिला तर पेंडीन आधीचे आणि पॉप्लर कॉटेज नंतरची आहे. सुधारणा आधी पैसेवाल्या शेतकऱ्याकडे पोहोचली आणि माळाच्या कडेला राहणाऱ्या गरिबाला त्यानंतरही अर्ध्या उपायावर भागवावे लागले. वास्तुकलेच्या इतिहासात टप्पे एकामागून एक सरळ रांगेत मांडले जातात, पण खेड्यात ते एकाच वेळी शेजारी-शेजारी नांदत असतात, हे मला इथे नीट कळले.

ॲशटेड येथून आणलेल्या व्हिटेकर्स कॉटेजेस ही १८६० च्या दशकातील मजुरांची जोडघरे आहेत. एका घरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा संसार मांडलेला आहे आणि दुसरे मुद्दाम उघडेबोडके ठेवलेले आहे, म्हणजे चौकटीची पातळ लाकडे आणि जोडकाम दिसते. बहुतेक लोक सामानाच्या घरात रेंगाळत होते. मला रिकाम्या घराने अधिक शिकवले, कारण बेलीफच्या जाड सोटांनंतर ही बारीक, करवतीने कापलेली लाकडे पाहिल्यावर मधल्या काळात लाकूड आणि सुतारकाम दोन्ही किती बदलले हे पुराव्यासह समोर येते.

लिटलहँप्टनचे १७३१ चे कणगीघर दगडी छत्र्यांच्या आकाराच्या पायांवर उभे आहे, कारण उंदीर त्या छत्रीची कड ओलांडू शकत नाही. लर्गाशॉलच्या पाणचक्कीत गहू दळला जात होता आणि दगडी जात्यावरचे ते पीठ विकतही मिळते. या दोन्ही ठिकाणी गर्दी असल्यामुळे मी फार वेळ थांबलो नाही.

ग्रिडशेल ही २००२ मध्ये पूर्ण झालेली कार्यशाळा पाहण्यासाठी वास्तुविशारद दुरून येतात. एडवर्ड कलिनन यांच्या संस्थेने ती रचली. ओकच्या सडपातळ पट्ट्यांची एक मोठी जाळी आधी उंचावर सपाट विणली आणि मग तिच्या कडा सावकाश खाली उतरवीत तिला वळणदार घुमटांचा आकार दिला. ओला ओक वाकतो, या ज्या गुणावर मध्ययुगीन सुतार विसंबून होता, त्याच गुणाचा हा आधुनिक उपयोग आहे. वर सुतारकामासाठी मोकळी जागा आणि खाली संग्रहातील हजारो अवजारांचे भांडार आहे. जुन्या इमारतींच्या जतनाचे अभ्यासक्रम संग्रहालय चालवते. मी गेलो तेव्हा काही प्रशिक्षणार्थी एका तुळईवर तिरका सांधा कापत होते. त्यांची शिक्षिका पटाशीपेक्षा पट्टी अधिक वेळ हातात धरत होती आणि प्रत्येक रेघ दोनदा तपासत होती.

शेवटी टिंडल्स कॉटेज पाहिली. टाइसहर्स्टजवळचे हे अठराव्या शतकाच्या आरंभीचे घरही बेवल जलाशयामुळे १९७४ मध्ये सुटे करावे लागले आणि त्याचे भाग सुमारे चार दशके साठवणीत राहून ते २०१३ मध्ये पुन्हा उभे राहिले. इथल्या भिंतींत कूड आहे. ओकच्या दांड्यांमध्ये हेझल या झुडपाच्या लवचीक फोका विणून त्यावर माती, चिरलेला पेंढा आणि शेण यांचे लिंपण केलेले आहे. अशा घराचे बरेच तुकडे मिळत नाहीत, तेव्हा रिकाम्या खाचांवरून हरवलेली लाकडे ओळखली जातात. खाच आहे म्हणजे तिच्यात बसणारे काहीतरी होते आणि तिची रुंदी, खोली, तिरपेपणा यांवरून त्या लाकडाची जाडी आणि दिशा ठरवता येते. एखाद्या खांबावर खाच नसेल तर तिथे भिंत नव्हती, हेही तितक्याच खात्रीने सांगता येते.

संग्रहालयाकडे आणखीही काही इमारती सुट्या भागांच्या रूपात ठेवलेल्या आहेत आणि त्या उभारायला पैसा, जागा आणि कुशल हात लागतात. तीन दिवसांनंतर माझे मत असे झाले आहे की, यापुढे ज्या घराची पाळी येईल ते शक्यतो मजुराचे असावे. बेलीफसारखी घरे टिकली, कारण ती बांधणाऱ्याला जाड ओक परवडत होता. हँगलटनच्या रहिवाशाला तो परवडत नव्हता आणि म्हणून त्याच्या घराविषयी आज आपल्याजवळ फक्त पायाचे अवशेष आणि अभ्यासकांचे तर्क आहेत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील गरिबांची जी थोडी घरे अजून उभी आहेत, त्यांच्या बाबतीत तरी तर्कावर विसंबण्याची वेळ येऊ नये.